वीस मोजेपर्यंत पाणी

बावीस वर्षांत वहिनीने एकच प्लेट दोनदा वाचली, असं एकदाही झालं नव्हतं. तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. कुणाला पोरांच्या मार्कांचा अभिमान असतो, कुणाला आपल्या हातच्या चवीचा. वहिनीला आपल्या वाचनाचा होता.

वाचन म्हणजे पुस्तकांचं नव्हे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत जंतूंची प्रयोगशाळा होती. वरच्या वॉर्डांतून जखमेतला पू, रक्त, लघवी, जे काही येईल त्यातले जंतू चपट्या गोल प्लेटमध्ये वाढवायचे, त्यांच्यावर बारा औषधांच्या बारा चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर उबेच्या कपाटात ठेवून द्यायची. सकाळी ज्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडलेलं असेल ते औषध लागू पडणार. जिला जंतू बिनदिक्कत खेटून वाढलेत, ते औषध त्या पेशंटसाठी पाण्याच्या मोलाचं. वहिनी एकेक वर्तुळ पट्टीने मोजायची आणि मिलीमीटर मोठ्याने सांगायची. समोर बसलेला कारकून ते वहीत उतरवायचा. चकतीच मुळी सहा मिलीमीटरची, त्यामुळे वहिनी 'सहा' म्हणाली की समजायचं, इथे काही राम नाही.

वह्या तीन होत्या. निळी ई. कोलायची, लाल क्लेबसिएलाची आणि हिरवी बाकीच्या किरकोळ मंडळींची. ज्या जंतूची प्लेट त्या जंतूच्या वहीत. ही पद्धत वहिनीच्याही आधीपासूनची होती आणि तिच्यात काही चूक असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी वहिनी वाचत होती, "सहा, सहा, सहा, सहा, सहा, सहा, सहा, अकरा, सहा, सहा, एकोणीस, सतरा."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "वहिनी, हे मघाशीच झालं."

"काय झालं?"

"ही प्लेट. मघाशी वाचलीत तुम्ही."

वहिनीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर एखाद्या नव्या माणसाला झेपली नसती. कारकून मात्र अकरा वर्षं तिच्यासमोर बसत होता, त्याच्या ती अंगवळणी पडलेली होती.

"मी एक प्लेट दोनदा वाचली?"

"मी तसं म्हणत नाही. पण अकरा, सहा, सहा, एकोणीस, सतरा. शेपूट माझ्या हातात बसलंय ना. मघाशी लाल वहीत लिहिलं, आता निळी उघडून बसलोय."

वहिनीने प्लेट उलटी करून चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. पेशंट वेगळा, खाट वेगळी, जंतू वेगळा. मघाची प्लेट काढली. तीही तिच्या जागी व्यवस्थित होती. दोन प्लेटा शेजारीशेजारी ठेवल्या. एकीतले जंतू चिकट, फुगलेले, शेंबडासारखे, दुसरीतले कोरडे आणि चपटे. दोघांची जात वेगळी हे आंधळ्यालाही कळलं असतं. आणि चकत्यांभोवतीची वर्तुळं मात्र जुळी.

"बघितलंस? माझी चूक नाही," वहिनी म्हणाली आणि तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं अर्धा मिनिट टिकलं. मग तिच्या लक्षात आलं, तिची चूक नसेल तर मग हे काय होतं.

तिने तिन्ही वह्या टेबलावर उघड्या पसरल्या. कारकून अहो अहो करत राहिला, वह्या अशा एकत्र उघडायची रीत नव्हती. बोट फिरवत फिरवत ती मागच्या दहा आठवड्यांत गेली. लाल वहीत त्या शेपटाच्या चार ओळी. निळीत तीन. हिरवीत दोन. कुठे अकराच्या जागी बारा, कुठे एकोणीसच्या जागी अठरा, पण ओळ तीच. एकूण नऊ पेशंट. नऊच्या नऊ जळीत वॉर्डातले.

"ताईंच्या वॉर्डातले?" कारकून म्हणाला आणि त्याने आजूबाजूला पाहून घेतलं.

ताई म्हणजे जळीत वॉर्डाच्या मुख्य सिस्टर आणि वहिनीची थोरली नणंद. वहिनी या इस्पितळात लागली तेव्हा ताईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, ही माझी वहिनी. तेव्हापासून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा तिला वहिनीच म्हणत, तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. ताईंचा दराराच तसा होता. त्यांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती चालत नसे. जळालेल्या माणसाची जखम म्हणजे जंतूंना उघडं दार, पण त्यांच्या वॉर्डातल्या जखमा इतर कुठल्याही वॉर्डापेक्षा लवकर भरत. आई गेल्यावर लहान भावाला त्यांनीच वाढवलं, तोच वहिनीचा नवरा. घरात देवाच्या खालोखाल ताई, आणि नवऱ्याला विचारलं तर देव कदाचित दुसरा आला असता.

वहिनी वह्या उचलून आत डॉक्टरबाईंकडे गेली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई वयाने तिच्याहून लहान होत्या, बोलायला तुटक, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी ओळी पाहिल्या, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पाहिल्या.

"दर महिन्याला आपण समितीत काय सांगतो?" त्या म्हणाल्या. "क्लेबसिएला दोन, ई. कोलाय एक, किरकोळ एक. तिघांचेही आकडे मर्यादेत. सगळे समाधानाने चहा पितात. आपण जंतूची जात बघत बसलो, वहिनी. इथे पसरलाय तो जंतू नाहीच. त्याच्या पोटातली चिठ्ठी पसरली आहे."

वहिनीला हे पुस्तकातून माहीत होतं. जंतूच्या पोटात त्याच्या मूळ संसाराशिवाय एखादं सुटं, गोल वेटोळं असतं. औषध कसं हाणून पाडायचं याची कृती त्यावर लिहिलेली असली, तर दोन जंतू शेजारी आल्यावर एक दुसऱ्याला बारीक नळी लावतो आणि त्या वेटोळ्याची नक्कल पलीकडे देऊन टाकतो. स्वतःकडचं कमी होत नाही. जात आड येत नाही. शेजारणीने शेजारणीला लोणच्याची कृती द्यावी, तसा प्रकार.

"पण देवाणघेवाणीला बैठक लागते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुठेतरी हे सगळे एकत्र बसताहेत. ती जागा शोधा."

जागा सापडेना. दोन दिवस वहिनी कापसाच्या काड्या घेऊन जळीत वॉर्डात फिरली. खाटांचे दांडे, दारांच्या मुठी, नळाची तोंडं, ड्रेसिंगच्या ट्रॉल्या, सिस्टरांचे हात. ताई स्वतः तिच्यासोबत फिरल्या, प्रत्येक जागा दाखवली, एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

"पाहिजे तिथे घास," त्या म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात तुला काही मिळालं तर मी तुला जेवायला घालीन."

काही मिळालं नाही. साठ काड्या, साठ स्वच्छ प्लेटा. अशी स्वच्छता वहिनीने जन्मात पाहिली नव्हती. तिला एकाच वेळी ताईंचा अभिमान वाटला आणि स्वतःचा रागही आला. तिसऱ्या दिवशी पाच नंबरच्या खाटेवरच्या बेकरीवाल्याची प्लेट आली. भट्टीचा भडका उडून त्याचे दोन्ही हात भाजले होते. तिसरा आठवडा, जखमा भरत आल्या होत्या, बायको घरी न्यायची तयारी करत होती, आणि अचानक ताप चढला. वहिनीने वाचायला घेतलं आणि आठव्या चकतीला पट्टी पुन्हा लावून पाहिली. अकरा. कारकुनाने पुढचं न विचारताच लिहायला सुरुवात केली.

एक बरं झालं. ओळ ओळखीची असल्यामुळे शेवटच्या दोन चकत्यांची औषधं त्याला त्याच तासात सुरू झाली, आधी चार दिवस भलतीसलती देत बसावं लागलं नाही. पण तो दहावा होता.

रविवारी ताईंकडे जेवायला बोलावणं होतं. पुढच्या शुक्रवारी अकरा इस्पितळांतल्या तीस सिस्टर ताईंचा वॉर्ड बघायला, शिकायला येणार होत्या, म्हणून ताई खुशीत होत्या. त्यांनी वॉर्डाचे चौदा नियम मोठ्या अक्षरांत लिहून काढले होते. तो कागद जेवणाच्या टेबलावर उलगडून त्या भावाला एकेक नियम समजावत होत्या आणि तो शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत होता.

"हा सातवा माझा सगळ्यात आवडता," ताई म्हणाल्या. "औषधाच्या बाटलीत, सुईत, नळीत जे उरेल ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतायचं आणि वीस मोजेपर्यंत नळ पूर्ण सोडायचा. बारा वर्षांपूर्वी आमच्या सफाईवाल्या मावशींच्या हातावर डब्यातलं औषध सांडलं. ॲलर्जी होती बिचारीला, कुणाला ठाऊक नव्हतं. घसा सुजून श्वास कोंडला, मरता मरता वाचली. त्या दिवशी मी हा नियम केला. तेव्हापासून एका मावशीला कधी पुरळसुद्धा उठलेलं नाही."

"याला म्हणतात डोकं," भाऊ म्हणाला.

वहिनीचा घास हातातच राहिला. जळीत वॉर्डातल्या औषधांची यादी तिला पाठ होती. त्यातल्या प्रत्येकाचे उरलेसुरले थेंब, दिवसातून चार वेळा, बारा वर्षं, एकाच भोकातून खाली. जंतूंना मारायला अपुरे, शिकवायला पुरेसे. नळ ती तपासून आली होती. खालची जाळी तिने तपासली नव्हती.

"काय गं, मीठ कमी आहे का?" ताईंनी विचारलं.

"नाही ताई, छान झालंय," वहिनी म्हणाली आणि पुढचं सगळं जेवण तिने चव न कळता संपवलं.

सोमवारी ताईंची सुट्टी होती. वहिनीने प्लंबरला गाठलं आणि जळीत वॉर्डाच्या बेसिनखालचा वाकडा पाइप उघडायला लावला. प्लंबरचं पोट मोठं आणि बेसिनखालची जागा लहान, त्यामुळे तो बराच वेळ आतूनच बोलत होता.

"तुंबलेलं तर नाहीये, बाई. पाणी झ्याक जातंय. कशाला उघडायचं चांगलं चाललेलं?"

"तुम्ही उघडा तर."

पाइप सुटला. आतल्या बाजूला करड्या रंगाचा, बोटभर जाड, गुळगुळीत थर होता. प्लंबरने वास घेतला आणि तोंड फिरवलं. "आयुष्य गेलं याच्यात," तो म्हणाला, "पण बाकीच्यांचं असं नसतं. हे जरा जास्तच चिवट दिसतंय."

चिवट होतंच. जंतू एकेकटे असतात तेव्हा गरीब असतात. प्रत्येकजण एक रसायन बाहेर सोडत असतो, इवलंसं. जितके जंतू जास्त, तितकं ते रसायन दाट. ठराविक दाटपणा आला की सगळ्यांना एकदम समजतं, आपण आता पुरेसे झालो. मग वागणं बदलतं. सगळे मिळून चिकट थर बांधायला घेतात, आणि त्या थराच्या आत बसून ना औषधाची भीती ना वीस मोजेपर्यंतच्या पाण्याची. वर ताई डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या आणि वीतभर खाली ही सभा बारा वर्षं बिनबोभाट भरत होती.

वहिनीने काडी भरून घेतली. मग तिने आणखी एक गोष्ट केली. बेसिनभोवती आणि शेजारच्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर उघड्या प्लेटा मांडल्या, नळ पूर्ण सोडला आणि वीस मोजले. पाण्याची धार थेट जाळीवर आदळत होती. डोळ्याला काही दिसलं नाही.

बुधवारपर्यंत सगळं समोर आलं. पाइपमध्ये लाल वहीचा जंतू होता, निळीचा होता, हिरवीचेही दोन होते, आणि सगळ्यांचं शेपूट एकच. ट्रॉलीवरच्या सहा प्लेटांपैकी चारांत तेच. म्हणजे बेसिन शिकवत होतं आणि नळ वाटत होता. ट्रॉली सकाळी पुसली जायची, वहिनीने काडी घासली तीही सकाळीच, पुसल्यावर. शिंतोडे उडायचे नंतर, औषधांची फेरी झाल्यावर. आणि ट्रॉली ठेवायची जागा बेसिनशेजारीच होती, हात धुवून लगेच ड्रेसिंग घेता यावं म्हणून. तोही नियमच होता, आठवा.

डॉक्टरबाईंना एवढ्यावर समाधान होणार नव्हतं. त्यांनी मंगळवारीच पाइपमधला एक जंतू आणि कपाटातला एक साधाभोळा ई. कोलाय, ज्याला यातलं काही येत नव्हतं, असे दोघे एका नळीत रात्रभर एकत्र ठेवायला लावले. बुधवारी सकाळी वहिनीने त्या साध्याभोळ्याला वेगळा काढून त्याच्यावर चकत्या मांडल्या. गुरुवारी वाचायला घेतलं. सहा, सहा, सहा. कालपर्यंत ज्याला कुठलंही औषध मारायचं तो एका रात्रीत पढून तयार झाला होता. कारकून लिहीत होता आणि मधूनमधून मान वर करून वहिनीकडे बघत होता.

"वहिनी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी शिकत असताना हे फळ्यावर काढून दाखवायचे. आपल्याच इस्पितळातल्या जंतूत, आपल्याच वह्यांवरून कुणी पकडलेलं मी पाहिलं नाही. हे तुमचं आहे."

वहिनीची छाती भरून आली. बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या निदानासाठी आकडे सांगत आली होती. आज आकड्यांनी तिला काहीतरी सांगितलं होतं आणि तिने ते ऐकलं होतं. ती खुर्चीत जरा ताठ बसली. मग तिला चौदा नियमांचा कागद आठवला.

डॉक्टरबाईंनाही आठवला असावा. "अहवालात मी मोघम लिहीन," त्या म्हणाल्या. "बेसिनच्या पाइपमध्ये दोष आढळला, पाइप बदलला, औषधं ओतणं बंद केलं. नियम कुणाचा, कधीपासून, ते लिहायची गरज नाही. ताईंचा उद्याचा कार्यक्रम व्यवस्थित होऊन जाऊ दे."

दुपारी जेवायला घरी गेल्यावर नवऱ्याचंही तेच मत पडलं. "पाइप बदलला ना? संपलं मग. ताईला सांगून काय मिळवणार आहेस? तिने आयुष्य घातलंय त्या वॉर्डात."

"सातवा नियम त्या कागदावर आहे," वहिनी म्हणाली. "तीस जणी तो उतरवून घेणार आहेत."

"मग कागदावरून गुपचूप काढून टाक."

"त्यांचा कागद आहे. त्यांनीच काढायला हवा."

नवरा वाईट माणूस नव्हता. बहिणीचा कमीपणा त्याला बघवला नसता, एवढंच. वहिनीने त्याच संध्याकाळी ताईंना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत ताई तळमजल्यावरच्या त्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल पुसलं आणि मग त्यावर बसल्या.

वहिनीने तिन्ही वह्या उघडल्या, प्लेटा मांडल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोडही केलं नाही. ट्रॉलीवरच्या प्लेटा दाखवताना ताईंनी हात पुढे केला आणि एक प्लेट उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिली.

"किती जण?"

"दहा."

"कोण कोण?"

वहिनीने खाटांचे आकडे सांगितले. ताईंना आकड्यांमागची माणसं माहीत होती. तिसऱ्या आकड्याला त्यांनी डोळे मिटले.

"ते खिडकीजवळचे आजोबा."

"त्यांचं हृदयही कमजोर होतं, ताई."

"तू मला हे सांगू नकोस." ताईंचा आवाज चढला नाही, पण त्याला धार होती. "मी त्यांना रोज स्वतः ड्रेसिंग करत होते. हात धुवून. त्याच बेसिनवर."

कारकून केव्हाचा उठून बाहेर गेला होता. वहिनीला वाटलं आता ताई रडतील, किंवा तिच्यावर उखडतील, निदान पाठ फिरवून निघून तरी जातील. यातल्या प्रत्येकाची तिने तयारी केली होती. ताई प्लेट खाली ठेवून म्हणाल्या, "डॉक्टरबाई मोघम लिहिणार आहेत, असं मला तुझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. तू काही बोलायच्या आत."

"त्यांना वाईट वाटत होतं."

"त्याला लहानपणापासून माझ्याबद्दल फार लवकर वाईट वाटतं. तुला कसं वाटतंय?"

"मला वाटलं, तुम्हाला कळायला हवं. बाकी तुम्ही ठरवा."

"बरं," ताई म्हणाल्या आणि उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "तो काढलेला पाइप टाकून दिला का?"

"नाही, ठेवलाय."

"उद्या सकाळी वर पाठव."

वहिनी त्या रात्री फारशी झोपली नाही. आपण बरोबर केलं याबद्दल तिला शंका नव्हती. ताईंनी उद्या काय करायचं ठरवलंय, याबद्दल मात्र तिला काहीच अंदाज नव्हता, आणि त्यांनी सातवा नियम नुसता कागदावरून खोडून टाकला, तरी त्यांना दोष देता येणार नव्हता. तसं कुणीही केलं असतं.

शुक्रवारी दहा वाजता तीस सिस्टर जळीत वॉर्डाच्या बाहेरच्या मोठ्या खोलीत दाटीवाटीने उभ्या होत्या, वह्या आणि पेनं सरसावून. निम्म्याहून अधिकजणी कधी ना कधी ताईंच्याच हाताखाली शिकलेल्या, मग बदलून किंवा लग्न होऊन वेगवेगळ्या इस्पितळांत गेलेल्या. ताईंच्या कडक इस्त्रीच्या पोशाखाकडे पाहून त्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, बघ, अजून तशीच आहे. वहिनी आणि डॉक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. टेबलावर एक झाकलेला स्टीलचा ट्रे होता.

ताईंनी नियमांचा कागद भिंतीवर लावला. चौदाच्या चौदा नियम जिथल्या तिथे होते. वहिनीच्या मनात आलं, गेलं आता सगळं.

"पहिले सहा नियम नंतर वाचा," ताई म्हणाल्या. "आधी सातवा बघा. हा मी केला. बारा वर्षांपूर्वी, चांगल्या हेतूने. मला याचा फार अभिमान होता." त्यांनी ट्रेवरचं फडकं काढलं. आत तो वाकडा पाइप उभा कापलेला होता, करडा थर दिसेल असा. "या नियमाने माझ्या वॉर्डात हे तयार झालं. यातून दहा पेशंटना असा आजार लागला, ज्याच्यावर बाराऐवजी दोनच औषधं उरली. त्यातले एक गेले. पाइपमध्ये दोष नव्हता. दोष माझ्या नियमात होता."

खोलीत कुणी पेन हलवलं नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी वही छातीशी धरून उभी होती, तिचे डोळे भरले होते. ताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी औषधं कुठे टाकायची, कुठल्या रंगाच्या बंद डब्यात, मावशींच्या हाताला न लागता तो डबा कसा बांधायचा, ट्रॉली बेसिनपासून किती पावलं दूर हवी, हे एकेक करून सांगितलं. त्यांचा आवाज रोजच्याइतकाच करडा होता. वहिनीला पुष्कळ वर्षांपूर्वी ताईंच्या घरात सून म्हणून आल्याबद्दल कधी नव्हे इतका आनंद झाला. ही माझी नणंद आहे, असं शेजारच्या डॉक्टरबाईंना सांगावंसं वाटलं, जणू त्यांना ते माहीत नव्हतं.

"आता खरं सांगा," ताई शेवटी म्हणाल्या. "तुमच्याकडे उरलेलं औषध बेसिनमध्ये कोण ओततं? हात वर करा."

पहिला हात वर यायला वेळ लागला. मग दुसरा. मग सगळ्या खोलीतून हात वर येत गेले. वहिनीने मोजले, सव्वीस.

"कुठे शिकलात?"

शेवटी पुढची एक वयस्क सिस्टर खाली मान घालून म्हणाली, "ताई, मी तुमच्याकडून शिकले. मग आमच्याकडच्या मुलींना मी शिकवलं. पद्धत चांगली वाटली म्हणून बाकीच्या वॉर्डांनीही उचलली."

ताईंचा चेहरा पांढरा पडला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. टेबलाची कड धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि वहिनी एक पाऊल पुढे आली. पण ताईंनी कड सोडली आणि पाठ सरळ केली.

"वॉर्डाजवळ फोन वापरायचा नाही, हा माझा तिसरा नियम," त्या म्हणाल्या. "आज तो मी मोडते. सगळ्यांनी फोन काढा आणि आपापल्या वॉर्डात सांगा. आत्ता. दहाची फेरी संपत आली असेल, सगळीकडे ओतायची हीच वेळ आहे."

खोलीभर बटणं वाजली आणि मग सव्वीस आवाज एकदम सुरू झाले. कुणी हळू बोलत होतं, कुणी ओरडून, कुणी जिन्यात जाऊन. ताई मधोमध उभ्या होत्या आणि जिचा फोन लागत नसेल तिला आपला देत होत्या. वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या अगदी जवळ ती डोळे भरलेली मुलगी कानाला फोन लावून उभी होती.

"कारण नंतर सांगते," मुलगी म्हणत होती. "आधी नळ बंद कर आणि हातातली बाटली खाली ठेव. हो, ताईंनीच सांगितलंय."